रेडिओग्रामचा चेंजर मंद फिरतोय? मोटार उघडण्याआधी हे तपासा

रेडिओग्राम म्हणजे एकाच कपाटात रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर; चेंजर म्हणजे त्यातलं, एकावर एक रचलेल्या रेकॉर्डी आपोआप बदलणारं यंत्र. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या यंत्राला लागू पडत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

– गाणं ओढल्यासारखं वाजतं. बाईंचा आवाज जाड येतो, बुवांचा त्याहून जाड. शेजारी पेटी घेऊन बसलात तर काळी एकमध्ये गायलेली रेकॉर्ड पांढरी एकला, कधी त्याच्याही खाली लागते.
– लांबवलेल्या स्वरावर थरथर येते. तान असली की कळत नाही, आलापात लगेच कळतं.
– लावल्या लावल्या मंद, वीसेक मिनिटांनी आपोआप ठीक. किंवा नेमकं उलट.
– नुसती थाळी (रेकॉर्ड ठेवायची चकती) नीट फिरते, सुई टेकली की मंदावते.
– एका ठेक्यात ढब-ढब ऐकू येतं.
– रेकॉर्ड संपत आली की सुई तिथंच घोटाळते, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजते आणि सुईचा हात उचलला जात नाही. नाहीतर गाणं अर्ध्यावर असताना हात उठून जागेवर जाऊन बसतो.

शेवटचं लक्षण वेगळं वाटतं खरं, पण बहुतेक वेळा बाकीच्यांचं आणि त्याचं मूळ एकच निघतं. आमच्या इंदुरात रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी घरांत अजून बरेच रेडिओग्राम आहेत. आजोबांनी घेतलेले, मधली काही वर्षं वर टीव्ही ठेवायला वापरलेले, आणि आता नातवाला हौस आली म्हणून पुन्हा उघडलेले. अशा यंत्राबद्दल घरचे एकच निदान सांगतात, ‘मोटार गेली.’ मी हीच तक्रार पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलोय आणि माझं मत सरळ आहे: मोटार सहसा गेलेली नसते. गेलेलं असतं ते ग्रीस, आणि त्यानंतर रबर. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. मोटार यादीत जवळजवळ शेवटी येते.

हे सगळं रबरी चाकावर चालणाऱ्या चेंजरबद्दल आहे, म्हणजे गॅरार्ड, बीएसआर या कंपन्यांची आणि त्या घडणीची इतर यंत्रं. पट्ट्यावर चालणारा नंतरच्या काळातला टर्नटेबल असेल, तर आधी पट्टा बदला आणि मग बोला.

आत काय चालतं, थोडक्यात

मोटारच्या दांड्यावर पायऱ्या-पायऱ्यांची एक छोटी पितळी पुली असते. चार वेगांच्या चार पायऱ्या: मिनिटाला १६, ३३, ४५ आणि ७८ फेऱ्या. एक रबरी चाक त्या पायरीला आणि थाळीच्या आतल्या कडेला, असं दोन्हीकडे टेकलेलं असतं. पुली चाक फिरवते, चाक थाळी फिरवतं. वेग बदलायची कळ फिरवली की चाक वर-खाली होऊन दुसऱ्या पायरीला लागतं.

यातली एक गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही. रबरी चाक लहान आहे की मोठं याचा वेगाशी काही संबंध नाही. वेग ठरतो तो पुलीच्या पायरीच्या आणि थाळीच्या कडेच्या व्यासावरून; मधलं चाक फक्त निरोप पोचवतं. त्यामुळे ‘चाक झिजून लहान झालं, म्हणून गाणं मंद झालं’ हे निदान चुकीचं आहे. चाक घसरतंय का आणि गोल आहे का, एवढंच बघायचं. नवं रबर चढवताना हे लक्षात असलं की माप तंतोतंत जुळवण्याची अर्धी काळजी संपते.

पहिलं: वेग मोजा

फुकट आहे आणि यानंच अर्धं निदान होतं. थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा, मोबाइलवर घड्याळ लावा आणि फेऱ्या मोजा. ४५ ला एका मिनिटात ४५, ७८ ला ७८. ३३ ला मात्र तीन मिनिटं मोजा. बरोबर १०० फेऱ्या झाल्या पाहिजेत, कारण खरा वेग ३३⅓ असतो. मोबाइलच थाळीवर ठेवून वेग सांगणारी ॲप आहेत, पण हलक्या पत्र्याच्या थाळीवर फोनचं एका बाजूला पडणारं वजनच हिशेब बिघडवतं.

याहून बारीक मोजायचं तर रेघांची चकती छापून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या हिशेबानं ३३⅓ साठी कडेला १८० रेघा लागतात, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७. वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. फिरण्याच्या उलट दिशेला सरकल्या तर यंत्र मंद आहे, फिरण्याच्याच दिशेला सरकल्या तर जलद. मिनिटाला साठ रेघा सरकल्या तर फरक एक टक्का. मात्र हे एलईडीच्या उजेडात बघू नका; पुष्कळसे एलईडी दिवे तसे लुकलुकतच नाहीत. चोकवाली जुनी ट्यूबलाइट किंवा साधा तारेचा बल्ब हवा.

आता आकडे वाचायला शिका. चारही वेग एकाच प्रमाणात कमी असतील तर दोष मोटारकडे किंवा विजेकडे. एकच वेग बिघडलेला असेल तर त्या पायरीवर मळ आहे किंवा चाक नीट उंचीवर येत नाही. दर वेळी मोजताना वेगळाच आकडा आला तर चाक घसरतंय. आणि सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अर्धा स्वर, म्हणून ते काळी एकचं पांढरी एक होतं. एवढा फरक झाला की गाणं न शिकलेल्यालाही काहीतरी खटकतं.

थंडीत एक गंमत हमखास होते. जानेवारीतल्या सकाळी इंदूरचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि त्याच आठवड्यात फोन यायला लागतात. यंत्र सुरुवातीला मंद आणि तापल्यावर ठीक असेल तर खुशाल समजा की आतलं तेल-ग्रीस घट्ट झालंय. उलट, सुरुवातीला ठीक आणि तापल्यावर मंद होत असेल तर मोटारचं बेअरिंग कोरडं पडलंय, ते पुढे येईलच.

दुसरं: हात न लावता बघण्याच्या गोष्टी

कपाट सपाट जमिनीवर आहे का? बहुतेक चेंजर स्प्रिंगांवर तरंगत बसवलेले असतात आणि ने-आण करताना ते आवळायचे स्क्रू असतात. घर बदललं, स्क्रू आवळले आणि नंतर कुणी सैल केलेच नाहीत, असं फार होतं. त्यानं वेग कमी होत नाही, पण घरघर वाढते आणि लोक ती मोटारच्या नावावर टाकतात.

एकावर एक सहा रेकॉर्डी रचून लावत असाल तर आधी एकच लावून बघा. वाकलेली रेकॉर्ड खालच्या रेकॉर्डीवर घसरते आणि दोष थाळीला लागतो.

संध्याकाळी दिवे मंद होतात त्या वेळीच गाणंही मंद होतं का? या यंत्रांतल्या साध्या मोटारची ताकद व्होल्टेज उतरलं की कमी होते. त्याच रेकॉर्डीवर सकाळी आणि संध्याकाळी वेग मोजा, कळेल.

तिसरं: सुई

सुई टेकली की थाळी मंदावते, या तक्रारीत आधी सुई बघायची. जुन्या कार्ट्रिजमध्ये (हाताच्या टोकाचा, सुई बसवलेला छोटा ठोकळा) बहुधा उलटवायची सुई असते: एका बाजूला ७८ ची जाड, दुसऱ्या बाजूला एलपीची (३३ च्या रेकॉर्डीची) बारीक. ७८ च्या सुईचं टोक साधारण तीन हजारांश इंच त्रिज्येचं, एलपीचं एक हजारांश किंवा त्याहून कमी. चुकीच्या बाजूनं वाजवलं तर रेकॉर्डचं नुकसान होतं आणि फिरायलाही अडथळा होतो. सुईला कापसाचं बोंड लागलेलं असेल तर मऊ ब्रशनं, मागून पुढे, एवढंच. कार्ट्रिजच मेली असेल तर आवाज अगदी बारीक, चिरका येतो. जुन्या कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो. तो दमटपणानं विरतो आणि ५५ अंशांच्या आसपास तापला की कामातून जातो. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर ठेवलेल्या रेडिओग्रामच्या कार्ट्रिजकडून म्हणूनच मी फार आशा ठेवत नाही. तो वेगळा खर्च. वेगाशी त्याचा संबंध नाही.

चौथं: पुसा

इथून पुढे प्लग काढूनच काम. बटण बंद करून चालणार नाही. जुन्या यंत्रांत बटण कुठली तार तोडतं याचा भरवसा नसतो.

थाळी काढायची. मधल्या दांड्याभोवती इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची क्लिप असते, ती पातळ स्क्रूड्रायव्हरनं सरकवा, पण वर दुसऱ्या हाताचं बोट धरून ठेवा. ही क्लिप उडते आणि सोफ्याखाली जाऊन बसते. मग थाळी दोन्ही हातांनी सरळ वर उचला. खाली छर्ऱ्यांची चकती आणि तिच्या वर-खाली वॉशर असतात, ते थाळीला चिकटून वर येतात आणि मग टपकतात. कुठला वॉशर वर होता, कुठला खाली, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटोशिवाय पुढे जाऊच नका.

आता तीन ठिकाणं पुसायची: थाळीच्या आतली कड, रबरी चाकाची कड आणि पुलीच्या पायऱ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जेलरोडला, सहज मिळतं. सुती कापडाच्या चिंधीवर थोडं घेऊन थाळीची कड पुसली की चिंधी काळी होते. काळी यायची थांबेपर्यंत पुसा. पुलीच्या पायऱ्यांवर रबराचा चकचकीत काळा थर बसलेला असतो, तो नखानं जाणवतो. तो काढायला चिंधी काडीला गुंडाळून, मोटार हातानं फिरवत, एकेक पायरी करायची. पितळ दिसलं पाहिजे. धातूच्या पात्यानं खरवडू नका. पायरीचा व्यास म्हणजेच वेग, आणि तिथं ओरखडा पडला की तो कायमचा.

पेट्रोल, थिनर, रॉकेल रबराच्या आसपास फिरकू देऊ नका. रबर फुगतं, मग मऊ पडतं, मग गोलाई जाते. आणि अल्कोहोलची ती चिंधी चुकूनही ७८ च्या रेकॉर्डीवर फिरवू नका. त्या रेकॉर्डी लाखेच्या. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एका घरी भावानं बहिणीचं काम हलकं करावं म्हणून सगळा संच अल्कोहोलनं पुसून ठेवला होता. त्यावर आता गाणं नाही, फक्त खरखर आहे.

एवढं करून जोडलं, तरी कितीतरी यंत्रं ठीक होतात. पुन्हा वेग मोजा. बरोबर आला तर थांबा. ‘उघडलंच आहे तर’ म्हणून पुढे जाऊ नका.

पाचवं: रबर

चाक हातात घेऊन कडेला नख दाबा. थोडं दबून परत आलं तर रबर जिवंत आहे. नख उमटलंच नाही, किंवा कडेला बारीक चिरा दिसल्या, तर ते कडक झालंय. वरचा नुसता चकचकीतपणा असेल तर चारशे नंबरचा पॉलिश पेपर चाक फिरतं ठेवून हलक्या हातानं लावा, फक्त चकाकी मरेपर्यंत. एका जागी दाबून धरलंत तर स्वतःच खड्डा पाडाल.

ढब-ढब आवाज असेल तर चाक सपाट पृष्ठभागावर उभं धरून हळू लोळवा. एका जागी ते थबकतं, तिथं खाच पडलेली असते. कारण नेहमीचंच: वेगाची कळ ३३ वर ठेवून यंत्र वर्षानुवर्षं बंद. चाक पुलीला दाबून राहतं आणि रबरात पुलीची जागा उमटते. बारीक खाच असेल तर काही तास चालवून भरून येते. खोल असेल तर नाही. नवं रबरच लागतं. कळीला ‘बंद’ किंवा मधली मोकळी जागा दिलेली असते ती याचसाठी. वाजवून झालं की कळ तिथं आणायची, ही सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

काहीजण घसरण थांबवायला कडेला राळ चोळतात, किंवा चाक ओढणारी स्प्रिंग कापून आखूड करतात. दोन्हीला माझा विरोध आहे. राळ दोन दिवस पकड देते आणि मग पुलीवर थर करून सूर थरथरवते. स्प्रिंग आखूड केली की दाब वाढतो, मोटारची घरघर सरळ थाळीत जाते आणि चाकाला खाच आणखी लवकर पडते.

नवं चाक मिळत नसेल तर जुन्यावर रबर चढवून घेता येतं. छापखान्याच्या रोलरना रबर चढवणारे कारागीर हे काम करू शकतात. त्यांना सांगायचं ते एवढंच की व्यास थोडा इकडेतिकडे चालेल, पण कड गोल आणि दांड्याला काटकोनात हवी. मध्यम मऊ रबर मागा. टायरसारखं कडक दिलं तर पुन्हा पहिल्या जागेवर याल.

सहावं: ग्रीस, म्हणजे खरा गुन्हेगार

थाळी काढल्यावर दिसणारे दातेरी चक्र, तरफा, सरकते पत्रे, हे सगळं हात उचलायचं आणि रेकॉर्ड खाली सोडायचं काम करतं. कारखान्यात लावलेलं ग्रीस इतक्या वर्षांत काकवीसारखं होतं. पितळेला लागलेल्या जागी ते हिरवट पडतं आणि बोट लावलं तर तार सुटते. तरफ ढकलून सोडली तर ती परत येत नाही, मध्येच राहते. ही चाचणी प्रत्येक तरफेवर करा: ढकला, सोडा, आली का?

रेकॉर्ड संपल्याचं यंत्राला कसं कळतं ते समजलं की शेवटच्या लक्षणाचा उलगडा होतो. शेवटच्या मोकळ्या खोबणीत सुई एकदम झपाट्यानं आत सरकते. हाताबरोबर एक हलकीशी तरफ सरकते. गाणं चालू असताना सुई एका फेऱ्यात जेमतेम केसभर पुढे जाते, आणि थाळीच्या मध्यावरचा छोटा खिळा दर फेरीला त्या तरफेला परत ढकलतो. शेवटी मात्र हात एका फेऱ्यात इतका पुढे येतो की तरफ खिळ्यात अडकते, मोठं चक्र फिरायला लागतं आणि हात उचलला जातो. हा सगळा खेळ अगदी हलक्या घर्षणावर आहे. तिथं ग्रीस घट्ट झालं की सुईला ती तरफ ढकलता येत नाही. ती खोबणीतून मागं उडी मारते, म्हणून तीच ओळ पुन्हा. किंवा तरफ मागं ढकलली जात नाही, म्हणून हात अर्ध्यातच उठतो.

आणि हेच जड झालेलं चक्र फिरवायला मोटारला जोर लागतो. म्हणून रेकॉर्ड बदलताना थाळी थांबल्यासारखी होते, गडगडते, आणि घरचे म्हणतात मोटार गेली.

साफ करायचं कसं? जुनं ग्रीस काड्यांनी आणि चिंधीनं उचलून काढायचं. उरलेलं अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं. एखादी तरफ सोडवून धुवायचीच असेल तर रॉकेलमध्ये, पण रबरी चाक त्या टेबलावरही नको, आणि धुतल्यावर पूर्ण कोरडं करायचं. एका वेळी एकच तरफ सोडवा, साफ करा, जागेवर लावा, मग दुसरी. सगळं सोडवून ताटात मांडून ठेवणाऱ्यांची यंत्रं नंतर पिशवीत घालून माझ्याकडे येतात.

नवं ग्रीस फक्त तिथं, जिथं धातूवर धातू दाबून घसरतो: मोठ्या चक्राची खाच, सरकते पत्रे. तांदळाच्या दाण्याएवढं. ती हलकी तरफ पूर्ण कोरडी ठेवायची. तिथं तेलाचा थेंबही नको. साफ न करता वरून तेल सोडणं हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात वाईट उपाय आहे. शिवणयंत्राचं तेल असो, खोबरेल असो की गंज सोडवणारा स्प्रे, तो जुन्या ग्रीसला पातळ करतो, आठवडाभर सगळं सुरेख चालतं, मग तेच पातळ झालेलं मिश्रण ओघळून थाळीच्या कडेला आणि रबराला लागतं. खोबरेल तर आमच्याकडच्या थंडीत गोठतं, म्हणजे जानेवारीत यंत्र बंदच.

थाळीचं बेअरिंगही याच वेळी करून घ्या. छर्रे पुसून, अगदी थोडं ग्रीस लावून, वॉशर फोटोप्रमाणे. मग प्लग न लावता, कळ ‘बंद’वर ठेवून थाळी हातानं घड्याळाच्या दिशेनं फिरवा. ती बराच वेळ फिरत राहिली पाहिजे. एक-दोन फेऱ्यांत थांबली तर वॉशरचा क्रम चुकलाय किंवा अजून काही घासतंय. उलट्या दिशेनं फिरवू नका, आणि हात उचलला जात असताना त्याला बोटानं थांबवू नका. आतले काही भाग जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचे असतात, ते वाकत नाहीत, तुटतात.

सातवं: मोटार

आता तिची पाळी. आधी घसरण की अशक्तपणा, हे ठरवा. यंत्र चालू ठेवून थाळीच्या कडेला बोट हलकंच टेकवा. थाळी मंदावली पण मोटारचा आवाज होता तसाच राहिला, तर चाक घसरतंय, मागं जा. आवाजही खाली आला तर मोटारमध्ये जोर नाही.

थाळी काढून, चाक बाजूला ठेवून, प्लग काढल्यावर पुली बोटांनी फिरवून बघा. ती मोकळी फिरून हळूहळू थांबावी. चटकन थांबली तर वरचं-खालचं बेअरिंग कोरडं किंवा चिकट आहे. ही बेअरिंगं सच्छिद्र ब्राँझची असतात, तेल पिऊन ठेवतात. बाहेर तेल धरायला नमद्याचं कडं असतं. वरून एक-दोन थेंब पातळ मशीन तेल टाकून पुली फिरवत राहायचं, हे सोपं काम. मोटार उघडून बेअरिंग पुसायचं, नमद्याला तेल पाजायचं, हे त्याहून अवघड. उघडलीत तर जोडताना चार स्क्रू एकदम आवळू नका. थोडे थोडे, समोरासमोरचे, आणि दर वळशाला पुली मोकळी फिरते का ते बघत. बेअरिंग जरा तिरकं बसलं की मोटार नवी असूनही अडते.

मोटार कोमट होणं साहजिक आहे. हात ठेववत नाही इतकी तापत असेल तर बंद करा.

परदेशी यंत्र आणि ज्यूकबॉक्स

एखादा अमेरिकेतून आणलेला टर्नटेबल किंवा ज्यूकबॉक्स (नाणं टाकून हवं ते गाणं लावायचं यंत्र) असेल, तर वरचं सगळं करूनही तो मंदच राहील. तिथली वीज ६० हर्ट्झची आणि पुली त्याच हिशेबाची. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलात की व्होल्टेज ११० च्या घरात येतं, पण हर्ट्झ ५० च राहतात. मोटार एक षष्ठांशानं मंद फिरते: ४५ ची रेकॉर्ड ३७.५ वर, म्हणजे सूर तीन अर्ध्या स्वरांहून थोडा जास्त खाली. पेटीवर मोजलं तर काळी-पांढरी मिळून तीन पट्ट्या. आकडा असा नेमका एक षष्ठांशानं कमी आला की ग्रीस शोधत बसू नका. ५० हर्ट्झची पुली हवी. ती लेथवर करून मिळते, पण मापं अचूक द्यावी लागतात. इथं पायरीचा व्यास अंशानं चुकला तरी वेग तेवढ्याच प्रमाणात चुकतो. ज्यूकबॉक्समध्ये रेकॉर्ड उचलून आणणारी दुसरी यंत्रणा असते, काहींत तर रेकॉर्ड उभी वाजते. तिला घरी हात घालू नका.

इथं थांबा

प्लगची तार कापडाच्या वेष्टणाची किंवा जुन्या रबराची असेल आणि वाकवल्यावर आवरण तडकत असेल, तर यंत्र चालूच करू नका. इलेक्ट्रिशियनकडून आधी तार बदला. हे पहिल्या तपासणीच्याही आधीचं समजा.

धातूला हात लावल्यावर मुंग्या येतात? लगेच प्लग काढा. काही जुन्या स्वस्त संचांत ट्रान्सफॉर्मरच नसायचा, आतला सगळा सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असायचा. प्लग उलटा लावून मुंग्या थांबल्या, म्हणून तो दुरुस्त झाला असं नाही.

वाल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरच्या भागात हात घालू नका. तिथं अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतात. भुंग्यासारखा हम्म आवाज, जळका वास, कपॅसिटरमधून मेण गळलेलं, यातलं काहीही दिसलं तर ते वाल्व्हचं काम येणाऱ्याकडेच.

तेल घालूनही मोटार नुसती हुमते आणि सुरू होत नाही, तिच्या वेटोळ्याला जळकट वास आहे, तिच्यावरच्या जोडण्या ११० वर आहेत की २२० वर हे कळत नाही, मधला दांडा वाकलाय, मोठ्या चक्राचा दात तुटलाय: या कामांना मापं, लेथ किंवा वेटोळं गुंडाळायचं यंत्र लागतं. पंख्याच्या मोटारी गुंडाळणारा कारागीर ती मोटार गुंडाळून देऊ शकतो, पण जुनी तार किती जाडीची आणि किती वेढ्यांची होती ते त्यानं मोजूनच काढली पाहिजे. ‘अंदाजानं करतो भिया’ म्हणाला तर दुसरा शोधा.

नेताना पूर्ण कपाट हलवायची गरज नसते. चेंजर वरून स्क्रू काढून सुटा होतो. तारा सोडण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येकीला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहा. स्प्रिंगचे स्क्रू आवळा, हात सुती दोऱ्यानं त्याच्या टेकूला बांधा, सुई काढून वेगळ्या डबीत ठेवा, थाळी काढून वेगळी न्या. कारागिराला ‘बिघडलाय’ एवढंच न सांगता मोजलेले आकडे सांगा: कुठल्या वेगाला किती फेऱ्या, थंड असताना किती, तापल्यावर किती. आणि आधी कुणी काय तेल घातलं होतं, तेही.